दादीच्या नावाचं रडणं

"ए चंदे! चा मांडला का नाई वं?"

रविवारी सकाळी ही हाक घरात घुमली आणि उज्ज्वलाचे कणकेतले हात तसेच थांबले. हाक सासऱ्यांची होती. तोच घोगरा आवाज, मध्येच अडकणारा तोच खोकला, आणि मागोमाग डावा पाय फरशीवर ओढल्याचा आवाज. अडचण एवढीच होती, की सासऱ्यांना, म्हणजे धावजींना, जाऊन तीन महिने झाले होते.

ती कणकेच्या हातांनीच बैठकीत धावली. तिची पाच वर्षांची लेक उर्वशी डोक्याला बापाचा टॉवेल गुंडाळून, झाडूची काठी करून, पाठीत वाकून येरझारा घालत होती. दाराजवळ भिंतीला टेकून चंदाबाई बसल्या होत्या. उज्ज्वलाची सासू. त्यांची नजर नातीवर होती, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. तीन महिन्यांत त्या चेहऱ्यावर काही आलंच नव्हतं.

उज्ज्वलानं लेकीचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात आणलं. दंडावर कणकेची पाच बोटं उमटली.

"किती खेपा सांगतलं तुले? दादाची नक्कल नाही करायची!"

"नक्कल म्हंजे काय?"

उज्ज्वला मराठी घेऊन बी.ए. झाली होती. उत्तर द्यायला तिला वेळ लागला नाही.

"नक्कल म्हंजे दुसऱ्याले वेडावणं."

"मी नाही वेडावत."

"मग काय करून राह्यली होती?"

"मी दादा करून राह्यली होती."

याला बी.ए.च्या अभ्यासात उत्तर नव्हतं. उज्ज्वलानं आवाज खाली आणला. "हे पाय, दादा देवाघरी गेले. त्याहिची नक्कल केली तर दादीले किती वाईट वाटते, मालूम आहे का तुले?"

"दादी तर काहीच नाही म्हणत."

"म्हणूनच तर!"

उर्वशीनं थोडा विचार केला. "मग कोणाची करू?"

"कोणाचीच नाही. कोणत्याच माणसाची नाही. समजलं?"

उर्वशीला समजलं. तिला फारच नीट समजलं, हे घरादाराला दुपारच्या आत कळायचं होतं.

उज्ज्वला, तिचा नवरा इंद्रजीत आणि उर्वशी लोहाऱ्यात पुंडलिकरावांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत. इंद्रजीत तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होता. मूळचा घाटंजीच्या पुढच्या बंजारा तांड्यातला. श्रावणात धावजी गेले, तेव्हा आख्खा तांडा दारात रडायला आला होता. तांड्यातलं रडणं म्हणजे नुसते डोळे पुसणं नसतं. बाया एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि सूर लावून रडतात. गेलेल्याला नात्यानं हाक मारायची, त्याच्या सवयी सांगायच्या, त्याचं अर्धं राहिलेलं काम सांगायचं. कोण गेलं आणि मागे काय राहिलं, हे ऐकणाऱ्याला त्या रडण्यातूनच कळतं. त्या दिवशी सगळ्या रडल्या. रडल्या नाहीत त्या एकट्या चंदाबाई. केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या, सवाष्णीचं लेणं, उतरवून घेतल्या तेव्हाही त्या नुसत्या बसून राहिल्या. "डोकरी गोटा झाली," बाया म्हणाल्या.

इंद्रजीतनं आईला लोहाऱ्याला आणलं. तेव्हापासून उज्ज्वलाचं सगळं लक्ष सासूवर. ताटात अर्धी भाकर राहते, ती काल अर्धी होती की पाऊण, हे ती बघायची. दुपारी पडल्या की दाराशी जाऊन श्वास ऐकायची. फोनच्या आवाजानं दचकतात म्हणून फोनची घंटीसुद्धा तिनं बंद करून टाकली होती. आणि गेल्या आठवड्यापासून चंदाबाई एकच वाक्य बोलत होत्या.

"सोमवारी मी तांड्यात जाते."

"तिथं एकट्या कशा राहान, याडी?" घरात सगळे त्यांना याडी, म्हणजे आई, म्हणत.

"इथं माह्यं काय काम हाय?"

याच्यापुढं बोलणं सरकत नव्हतं. तांड्यातलं घर बंद होतं. चूल थंड. या बाई तिथं एकट्या गेल्या तर अर्ध्या भाकरीची पाव भाकर होईल, पाव भाकरीचं पाणी होईल, आणि मग एक दिवस तांड्यातून निरोप येईल, याची उज्ज्वलाला खात्री होती. आज रविवार होता. दाराजवळ चंदाबाईंचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं.

इकडे उर्वशी गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसली. हातात आईचा फोन. बाप पाळीवर असला की ती रोज त्याला बोलून निरोप पाठवायची. तिला वाचता येत नव्हतं, पण सगळ्यात वरच्या नावावर बोट ठेवायचं आणि मग माईकचं चित्र दाबून धरायचं, एवढं येत होतं. सगळ्यात वर नेहमी पप्पा असायचे. त्या दिवशी मात्र कोणीतरी भल्या सकाळी शुभ रविवार म्हणून गुलाबाची फुलं पाठवल्यामुळे सगळ्यात वर आख्खा तांडा होता. ऐंशी माणसांचा गट.

आता पप्पांना काय करून दाखवायचं? दादा बंद. कोणतंच माणूस करायचं नाही. उर्वशीनं डोकं चालवलं. रडणं म्हणजे काही माणूस नव्हे. तेव्हा रडणं चालेल. पण श्रावणात बाया रडल्या त्या 'दादा' म्हणून, आणि दादाचं तर नावच काढायचं नव्हतं. मग तिनं दादाच्या जागी दादी घातली, माईक दाबला, डोळे मिटले आणि सूर लावला.

तांड्यातल्या बाया तेव्हा कापूस वेचत होत्या. फोन तांड्याचे पुढारी देवसिंग नायक यांच्या खिशात होता. त्यांनी ऐकलं, मान खाली घातली आणि धुऱ्यावर उभं राहून सगळ्यांना ऐकवलं. कापसानं भरलेल्या ओट्या जागच्या जागी खाली आल्या.

"इंदलची पोट्टी हाय," जमनी म्हणाली. ती धावजींची धाकटी बहीण, चंदाबाई तिची भोजाई, म्हणजे भावजय. इंद्रजीत तांड्यात इंदलच होता. "आवाज ओळखला म्या. चंदा भोजाई गेली!"

"तरी म्हणत होतो, धावजीमागं ते टिकत नाही," कोणीतरी म्हणालं.

वर्षा नावाची एक नवी सून होती. तिनं विचारलं, "एकडाव फोन करून पाहाचा का?"

सगळ्या बाया तिच्याकडे वळल्या.

"रडत्या घरी फोन लावशीन? अन् काय विचारशीन वं? मेली का म्हणून विचारशीन?"

वर्षाचं तोंड एवढंसं झालं. या तांड्याचा रिवाजच होता तसा. ज्या घरून रडणं आलं तिथं विचारायचं नाही, रडायला जायचं. आणि शंका घ्यायला जागा तरी कुठं होती? एवढीशी पोर सूर लावून रडते म्हणजे तिच्या बाजूला चार बाया रडत असणार, त्याशिवाय लेकराला हे येईलच कसं, असं जमनीनं सगळ्यांना पटवून दिलं. कापूस न्यायला आलेली पिकअप रिकामी उभी होती. चौदा माणसं तिच्यात चढली. निघताना देवसिंगांनी एकच फोन केला, तोही घरी नव्हे. इंद्रजीतच्या कारखान्याच्या फाटकावर तांड्यातलाच बादल पहारेकरी होता. आत कामगारांना फोन नेऊ देत नसत, तेव्हा निरोप फाटकावरच देणं शहाणपणाचं होतं.

"बादल, इंदलले सांभाळून सांग. अन् गाडीवर तूच आण त्याले. त्याच्या हाती गाडी देऊ नको."

वाटेत गटावर फुलं थांबून हात जोडणं सुरू झालं होतं. कोण्या हौशी पोरानं चंदाबाईंचा फोटो शोधून, त्याला हार घालून, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून पाठवला. फोटो पुतणीच्या लग्नातला होता. त्यात स्वर्गवासी चंदाबाईंच्या हातात अर्धी खाल्लेली मटका कुल्फी होती. कापायला गेला तर चेहरा कापला जात होता, म्हणून त्यानं कुल्फी राहू दिली.

हे सगळं उज्ज्वलाच्या फोनवरही येत होतं. पण फोन मुका होऊन गच्चीच्या जिन्यावर पडला होता, आणि उज्ज्वला सासूसाठी मऊ भात टाकत होती.

अकराच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी पिकअप थांबली. रडणं दारात येऊन सुरू करायचं नसतं, लांबूनच सुरू करायचं असतं. त्यामुळे पहिला सूर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी लागला. खाली ओसरीत पुंडलिकराव पेपर वाचत होते. ते निवृत्त मराठीचे मास्तर, घरची शेती सांभाळून शब्दकोश वाचणारे.

"अवो, वर कोणी गेलं काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"हाय देवा! डोकरीच असन," विमलताई म्हणाल्या, आणि वर जाऊन पाहण्याआधी त्यांनी चुलीवर मोठं पातेलं चढवलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं पिठलं-भाकर द्यायची असते. कोण गेलं याचा तपास पिठलं शिजता शिजता करता येतो.

वर चंदाबाईंनी तो सूर ऐकला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या कशानं तरी ताडकन उठल्या. चौदा जणांच्या रडण्यात नाव कोणाचं हे कळत नव्हतं, पण सूर तांड्याचा होता आणि तो त्यांच्याच जिन्यानं वर येत होता. तांडा रडत दारात येतो म्हणजे घरातलं कोणी गेलं. घरातली माणसं किती? सून समोर होती. नात समोर होती. बाहेर एकच होता.

"मारो इंदल!"

'माझा इंदल' म्हणणारी अशी किंकाळी त्या घरानं ऐकली नव्हती. उज्ज्वलाच्या हातातली पळी पडली. सासूनं नाव घेतलं ते तिच्या नवऱ्याचं होतं, आणि नवरा यंत्रावर होता. रात्रपाळीनंतर पुन्हा जादा पाळी घेऊ नका, डोळ्यांवर झोप असते, असं ती कालच त्याला म्हणाली होती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसली. उर्वशीला तिनं कधी ओढून छातीशी धरलं ते तिला आठवत नाही. पोर गुदमरून "आई, सोड नं" म्हणत होती.

जिन्यात सगळ्यांत पुढं जमनी. "भोजाई ये, आमाले टाकून कशी गेली ये" म्हणत ती शेवटची पायरी चढली, तिनं मान वर केली, आणि समोर भोजाई उभी.

पुढच्या बाया थबकल्या. मागच्यांना काही दिसत नव्हतं, त्या रडत रडत पुढं रेटत राहिल्या. जिना गच्च झाला. तेवढ्यात चंदाबाई जमनीच्या गळ्यात पडल्या आणि मुलाच्या नावानं हंबरडा फोडून रडू लागल्या. जमनीची मोठी पंचाईत झाली. जिच्यासाठी रडायला आलो तीच गळ्यात पडून रडते आहे, आता कोणासाठी रडायचं? पण सुरू केलेलं रडणं मध्येच टाकणं तिला बरं वाटेना. ती सूर न सोडता, फक्त नाव गाळून, नुसतंच "ये, ये" करत राहिली.

"जमनी, सांग मले, कसा गेला वं माहा पोरगा?"

"कोण पोरगा?"

"इंदल!"

"इंदल गेला?" जमनी आता खरोखर घाबरली आणि तिनं इंद्रजीतसाठी नवीन रडणं सुरू केलं. ते खालच्या पायरीपर्यंत पोचलं. देवसिंग नायकांनी डोक्यावरचा रुमाल काढला. "एकाच घरी दोन! अरे देवा!"

त्याच वेळी खाली मोटरसायकल थांबली. इंद्रजीत उतरला तो पळतच. एका पायात कारखान्याचा जड बूट, दुसरा पाय उघडा. "याडी! याडी!" करत, रडणाऱ्या बायांना बाजूला सारत तो जिना चढला आणि आईसमोर येऊन उभा राहिला.

मेलेली आई मेलेल्या मुलाकडे पाहत होती. मग चंदाबाईंनी उजवा हात उचलला आणि इंद्रजीतच्या थोबाडीत दिली.

"कुठं मेला होता रे!"

आणि मग त्याला असं धरलं, की मुठीत शर्ट, पण आवाज हाडांचा यावा. चौतीस वर्षांचा माणूस आईच्या खांद्यावर तोंड घालून लहान पोरासारखा हुंदके देत होता. वडील गेले तेव्हा त्याला रडायला सवड झाली नव्हती. सामान, दाखले, येणारी-जाणारी माणसं, सगळं त्यालाच पाहायचं होतं. उज्ज्वला उंबऱ्यावरून दोघांकडे बघत राहिली. तिचा नवरा जिवंत होता, तेवढं तिला त्या घटकेला पुष्कळ होतं.

थोडा वेळ गेल्यावर देवसिंगांनी खाकरून विचारलं, "मंग गेलं कोण?"

"कोणीच नाही!" उज्ज्वला म्हणाली. "तुमाले सांगतलं कोणी?"

देवसिंगांनी फोन काढला आणि वाजवला. त्या काळ्या चौकोनातून उर्वशीचा बारीक, लांबवलेला, अगदी बिनचूक सूर निघाला. सुरुवात तांड्याच्या बोलीत, दादी मला सोडून गेली म्हणून.

"मारी दादी ये... मन छोडन चलगी ये... अर्धी भाकर ताटात राह्यली ये... दादी बोलत नाही ये... दादी खिडकीतून पाह्यते अन् कोणीच येत नाही ये... घुगऱ्या डब्यात राह्यल्या ये, दादी डबा उघडते अन् लावते ये... मले गोष्ट कोण सांगन ये..."

पुढं बरंच होतं. उज्ज्वलाला ते ऐकवेना. तीन महिने ती सासूवर डोळा ठेवून होती, भाकरीचे तुकडे बघत होती, श्वास ऐकत होती. घुगऱ्यांचा डबा तिला माहीत नव्हता. लेकीनं काहीही बनवून सांगितलं नव्हतं. त्या रडण्यात एक मरण तेवढं खोटं होतं, बाकी सगळं खरं.

चंदाबाईंनी मान खाली घातली होती.

"ही नक्कल हाय," देवसिंग म्हणाले. माणूस मऊ होता, पण कापसाचा दिवस मोडला होता. "जित्त्या माणसाच्या मरणाची नक्कल. आज पोट्टीले आवरलं नाही तर उद्या भारी जाईन, सूनबाई. ऐंशी माणसाले रडवलं तिनं."

चौदा जणांच्या नजरा दारामागच्या उर्वशीकडे गेल्या. उज्ज्वलानं हात उगारला. तिला मारायचं नव्हतं. पण इतकी माणसं बघत असताना आईनं काहीच करू नये, हेही तिला जमण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला.

"थांबा, थांबा! नक्कल हा शब्द तुम्ही चुकीचा वापरून राह्यले."

पुंडलिकराव दोन्ही हातांत पिठल्याचं पातेलं धरून वर येत होते. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती, त्यामुळे मेलेलं कोणी आहे की नाही हे त्यांना अजून दिसलं नव्हतं. पण शब्द चुकलेला ऐकू आला की त्यांना थांबवत नसे.

"अवो, आधी पातेलं ठेवा खाली!" मागून विमलताई भाकरीची टोपली घेऊन.

"ठेवतो. नक्कल हा मुळात अरबी शब्द. फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा पहिला अर्थ वेडावणं नाहीच. पहिला अर्थ, एखादी वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणं. मग कागदावरचं दुसऱ्या कागदावर नेलं तर तीही नक्कल. तहसीलात मागतो ना आपण? मग एका माणसाचं बोलणं-चालणं दुसऱ्याच्या अंगावर नेलं, तीही नक्कल. टिंगल त्यात आपण टाकली, मागाहून."

पुंडलिकरावांनी चष्मा पुसला, चंदाबाईंना जिवंत पाहिलं, आणि "रामराम" म्हणून शांतपणे खाली बसले.

देवसिंग विचारात पडले होते. "एका जागचं उचलून दुसऱ्या जागी न्यायचं?"

"हो."

"मास्तर, आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून गावोगाव जायचे. लदेणी म्हणत त्याले. मंग त्या हिशेबानं आमची सात पिढी नकलाच करत होती म्हणा की!"

कोणीतरी हसलं. हसणारी वर्षा होती, तिनं पटकन पदर तोंडात घातला. पण त्या हसण्यानं खोलीतली हवा जराशी हलली. उज्ज्वलाचा हात अजून वर होता, तो तिनं केस नीट करायला वळवला.

"उर्वशी," चंदाबाई म्हणाल्या. "सकाळी केलं ते कर."

"आई नाही म्हणते."

सगळ्यांनी उज्ज्वलाकडे पाहिलं. तिनं मान डोलावली.

उर्वशीनं टॉवेल बांधला. झाडू घेतला. पाठीत वाकली. "ए चंदे! चा मांडला का नाई वं?" आणि खोकली.

"अहं," जमनी म्हणाली. "भाऊचा खोकला असा नव्हता. तो पहिले थांबायचा, मंग दोन डाव..." तिनं खोकून दाखवलं.

"ते आजारातलं," देवसिंग म्हणाले. "चांगला होता तवा असा." त्यांनी छातीतून एक दणदणीत खोकला काढला, आणि त्याच्या पाठोपाठ बैलबाजारात धावजी बैलाचे दात पाहून तोंड कसं वाकडं करायचे तेही करून दाखवलं. मग आणखी कोणी ते विहिरीत वाकून पाण्याशी कसे बोलायचे ते केलं. इंद्रजीतनं नाक मुरडून, मिशीवरून बोट फिरवत, "शिकला म्हंजे शहाणा झाला का रे तू?" म्हटलं. आवाज बापाचाच निघाला. तो स्वतःच दचकला.

चंदाबाई हसत होत्या. खांदे हलत होते, दात नसलेलं तोंड पदराआड होतं. हसता हसता आवाज बदलला कधी, ते कोणालाच कळलं नाही. मग त्यांनी सूर धरला. या वेळी नाव इंदलचं नव्हतं. तीन महिने आत ठेवलेलं सगळं बाहेर काढत, नाव घेऊन, सगळ्या सवयी सांगून, त्या धावजींसाठी रडू लागल्या. जमनी त्यांच्या गळ्यात पडली. बाया एकेक करून जवळ सरकल्या. चाळीस किलोमीटर आणलेलं रडणं परत न्यावं लागलं नाही.

खूप वेळानं सगळ्यांनी पिठलं-भाकर खाल्ली. पिठल्याला मीठ जास्त झालं होतं, विमलताईंनी घाईत दोनदा टाकलं होतं. कोणी बोललं नाही. वर्षानं भीत भीत श्रद्धांजलीचा फोटो चंदाबाईंना दाखवला. त्यांनी फोन लांब धरून पाहिला.

"फोटू बरा आला. ठेवून देजो. पुढं कामी येईन." मग निरखून, "कुल्फी तेवढी पुसून टाकजो."

चार वाजता पिकअप निघाली. चंदाबाई गाठोडं घेऊन जिना उतरल्या.

"याडी, उद्या जायचं म्हटलं होतं ना?" उज्ज्वला मागोमाग उतरली.

"गाडी आलीच हाय तं आजच जाते. उद्याच्या बसचे धक्के कायले?"

"याडी, थांबा ना."

"रडले मी, पोरी. आता हलकं वाटते. आता तिथं राहीन."

सगळं चांगलं झालं होतं, आणि तरीही ती बंद घराची, थंड चुलीचीच वाट होती. देवसिंगांनी चंदाबाईंना पुढच्या सीटवर बसवलं. इंद्रजीतनं गाठोडं आईच्या मांडीवर ठेवलं. उर्वशी दाराला लटकली.

"दादी, तू गेली का मग मी तुझी नक्कल करू?"

"कर बाप्पा. कोणी नाही म्हणत नाही आता."

उर्वशी थोडा वेळ दादीकडे पाहत राहिली. मग तिचा चेहरा पडला.

"पण तुझी कशी करू? तू तर काहीच नाही करत. नुसती बसते. मी नुसती बसली तर पप्पा म्हणन, ही उर्वशीच हाय."

चालकानं गाडी सुरू केली, मागे घ्यायला लागला, आणि मागचं चाक पुंडलिकरावांच्या जास्वंदीवर चढलं.

"ए!" चंदाबाईंनी दार उघडलं आणि त्या खाली उतरल्या. "आंधळा हायेस का रे? मास्तराचं झाड दिसत नाही? कोणं शिकवली तुले गाडी? थांब म्हणते नं!" त्या थेट मागे गेल्या. एक हात कमरेवर, दुसरा चाकाकडे, हनुवटी पुढं. "पुढं घे. आणखी घे. माह्याकडे पाय, आरशात काय पाह्यतं!"

चालक घाबरून पुढं गेला, मागे आला, पुन्हा पुढं गेला. गाडी सरळ झाली तरी चंदाबाईंचं संपलं नव्हतं. त्या खाली बसून मोडलेली फांदी हातानं सरळ करत होत्या आणि विमलताईंना काडी आणि सुतळी मागत होत्या. पिकअप वाट बघत उभी राहिली. देवसिंगांनी एकदा हॉर्न वाजवायला सांगितला.

"जा तुम्ही!" त्या वळून न बघता म्हणाल्या. "याले बांधल्याबिगर कशी येऊ? हे पोट्ट्याचं काम नोहे."

देवसिंगांनी गाठोडं खिडकीतून इंद्रजीतच्या हातात दिलं. पिकअप गेली.

चंदाबाई सुतळीवरून विमलताईंना बोल लावत होत्या. त्यांच्या मागे तीन पावलांवर उर्वशी उभी होती. एक हात कमरेवर, हनुवटी पुढं, आणि ओठ दादीबरोबर, किंचित उशिरानं, हलत होते.